‘हुशार आहे हो, पण...’

‘हुशार आहे हो, पण कशातच रस नाही.’

समुपदेशनाच्या माझ्या खोलीत, समोरच्या खुर्चीत बसून हे वाक्य किती आयांनी आणि किती बाबांनी म्हटलं असेल, त्याचा हिशेब मी केव्हाच सोडला. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात. ‘डोकं आहे, वापरत नाही.’ ‘लहानपणी प्रश्न विचारून भंडावून सोडायचा, आता आपण विचारलं तरी तोंड उघडत नाही.’ ‘मार्क पडतात, पण आतून काही नाही.’ ‘हुशार’ म्हणताना मान किंचित ताठ असते, ‘पण’ आला की आवाज खाली येतो. मूल तेरा ते सोळाच्या मधलं असतं. संशयितही ठरलेले: मोबाइल, शाळा, मित्र. आणि निघता निघता, दार अर्धं उघडल्यावर, दबक्या आवाजात चौथा: ‘आमचंच काही चुकलं का?’

मागे एकदा एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या घरांतून हेच ऐकलं, तेव्हा वाटलं, प्रत्येकाला तेच ते सांगत बसण्यापेक्षा एका मुलाची गोष्ट लिहून काढावी. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं दोन-चार प्रसंगांत आणलं आहे. लिहिलेलं आधी त्या मुलाला आणि त्याच्या आईला वाचायला दिलं. मुलगा म्हणाला, ‘घड्याळाचं नीट लिहिलंय. बाकी ठीक.’

पहिल्यांदा आई एकटीच आली. हातात एक फाइल. पहिलीपासूनच्या गुणपत्रिका, प्रत्येक वेगळ्या पारदर्शक पाकिटात, आणि सगळ्यांत वर बुद्धिमापन चाचणीचा अहवाल. तोच तिने आधी काढला. आकडा चांगला होता. तिने त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

‘एवढी बुद्धी आहे मॅडम, मग जाते कुठे?’

अशा वेळी मला नेहमी आल्फ्रेड बिने आठवतात. ज्या चाचणीवरून पुढे हा सगळा आकड्यांचा पसारा वाढला, ती त्यांनी १९०५ साली फ्रान्समध्ये तयार केली, ती कुणाचं मूल किती हुशार हे मिरवण्यासाठी नव्हे. शाळेत मागे पडणारी, जास्त मदत लागणारी मुलं ओळखू यावीत, एवढंच काम तिला दिलेलं होतं. बुद्धी म्हणजे जन्मभर न बदलणारा आकडा, ही समजूत त्यांना स्वतःला मुळीच मान्य नव्हती. हे मी त्या माउलीला तेव्हा सांगितलं नाही. रेघ मारलेल्या आकड्यावर तिची किती वर्षांची आशा टेकलेली होती, ते दिसत होतं. मी एवढंच म्हटलं, ‘त्याला येऊ दे. आणि येताना फाइल नको.’

मुलगा पंधरा वर्षांचा. उंच, खांदे पुढे झुकलेले, नम्र. पहिल्या दोन भेटींत त्याने मला तीन उत्तरं दिली, आलटूनपालटून: ‘ठीक.’ ‘चाललंय.’ ‘काय माहीत.’ उद्धट म्हणावं तर तसा अजिबात नव्हता. परीक्षेत उत्तर जेवढं मागितलंय तेवढंच लिहावं, तसा बोलायचा. आणि सगळा वेळ माझ्या डोक्याच्या वर, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायचा.

मी मनाशी नोंद केली: वेळ संपायची वाट बघतोय. इतकी वर्षं या खुर्चीत काढूनही माणूस किती सहज चुकतो, त्याचा हा नमुना.

तिसऱ्या भेटीत, मधेच, मी काहीतरी विचारत असताना तो म्हणाला, ‘हा काटा नवापाशीच का अडकतो?’

मी वळून पाहिलं. घड्याळातला सेल संपत आला होता. सेकंदकाटा नवाच्या जवळ येऊन तिथल्या तिथे फडफडत होता, एक घर पुढे, एक घर मागे.

‘मागच्या वेळीही तिथेच होता,’ तो म्हणाला. ‘म्हणजे मधे कुणीतरी हात लावला असणार, कारण तास बदललाय. पण परत नवावरच.’

मला इतका आनंद झाला, की जे करू नये तेच मी केलं. म्हटलं, ‘अरे वा, किती छान प्रश्न! असं कर, शोधून काढ आणि पुढच्या वेळी मला समजावून सांग.’

त्याचा चेहरा मिटला. दुसरा शब्द नाही. खांदे पुन्हा पुढे, आणि ‘बरं’.

पुढच्या भेटीत विचारलं, तर म्हणे, ‘नाही बघितलं.’ मला थोडा रागच आला, खोटं कशाला सांगू. मग वाटलं, राग येतोय म्हणजे माझंच काहीतरी यात अडकलंय. विचारलं, ‘मागच्या वेळी माझं काही चुकलं का?’

तो बराच वेळ गप्प होता. मीही. मग हळूच म्हणाला, ‘तुम्ही पण गृहपाठच दिलात.’

या एका वाक्याने मला जे शिकवलं, ते कोणत्याही प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. ‘छान प्रश्न’ म्हणून मी त्याला गुण दिले होते. ‘शोधून आण’ म्हणून तो प्रश्न त्याच्या हातातून काढून घेतला होता. काटा का अडकतो, हे त्याचं स्वतःचं होतं. माझ्या दोन वाक्यांत ते माझं झालं, त्याला मुदत लागली आणि पुढच्या भेटीत त्याची तपासणी होणार हेही ठरून गेलं. हुशार मुलं हा बदल फार लवकर ओळखतात. किंबहुना हुशार असतात म्हणूनच ओळखतात.

मी म्हटलं, ‘खरंय. आणि मला स्वतःला त्याचं उत्तर माहीत नाही. सेल संपत आलाय, एवढंच कळतं.’

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘काढू का ते?’

खुर्चीवर चढून त्याने घड्याळ उतरवलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. काटा जरासा थरथरला आणि नवाच्या पुढे निघाला. दहा, अकरा, बारा... पूर्ण फेरी. आम्ही दोघंही वाकून बघत होतो. ‘म्हणजे सेल अगदीच मेलेला नाही,’ तो स्वतःशीच म्हणाला. मग घड्याळ उचलून भिंतीला टेकवून उभं धरलं, पण उलटं, सहाचा आकडा वर. ‘आता तीनवर अडकायला पाहिजे.’

‘तीनवर का?’

‘बघा ना.’

काटा नव ओलांडून सहज गेला. खाली उतरला, परत वर चढू लागला, आणि आता डावीकडे आलेल्या तीनपाशी पोचल्यावर फडफडायला लागला. तो हसला. मी त्याला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बारीक, खोडकर, पाच-सहा वर्षांच्या मुलाचं असावं तसं हसू.

‘वर चढताना अडकतो,’ तो म्हणाला. ‘काटा आडवा असतो तिथे सगळ्यात जड जातं. हात आडवा धरून पिशवी पेलली तर जशी जड लागते, तसं.’ आणि मग एकदम थबकला. ‘थांबा. हे आम्हाला होतं. बलाचं आघूर्ण, बल किती फिरवतं ते. मला त्यात पैकीच्या पैकी आहेत.’

घड्याळ दोन्ही हातांत धरून तो तसाच उभा राहिला. ‘ते हे आहे होय?’

शाळा मुलांचं कुतूहल जोपासते का, असं कुणी विचारलं, की मला हा प्रसंग आठवतो आणि दोन्ही बाजूंनी खरा वाटतो. शाळेने त्याला आघूर्ण दिलं होतं. ते आधी कुठेतरी ठेवलेलं नसतं, तर नवावर अडकलेला काटा बघून त्याला काही खटकलंही नसतं. जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने १९९४ साली कुतूहलाची जी उपपत्ती मांडली, तिचं सार असं, की आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यावंसं वाटतं, त्यांच्यामधली फट जाणवली की मनाला खाज सुटते. ज्याला काहीच माहीत नाही, त्याला फटही दिसत नाही. त्यामुळे ‘पाठांतर बंद करा, मुलांना मोकळं सोडा, कुतूहल आपोआप फुलेल’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण आघूर्ण शिकवल्यावर, त्यात पैकीच्या पैकी गुण दिल्यावरही ‘ते हे आहे होय?’ हा क्षण जर शाळेत आलाच नसेल, तर शिकवणं अर्ध्यावर राहिलं हेही तितकंच खरं.

त्या दिवशी वेळ संपून वीस मिनिटं झाली, तरी आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. घड्याळ त्याच्या हातात होतं ना!

त्यानंतर तो बोलू लागला. फार नाही, पण स्वतःहून. वर्गात एकदा एका लढाईचा धडा चालू असताना त्याने विचारलं होतं, ‘जे हरले, त्यांनी घरी जाऊन आपल्या मुलांना काय सांगितलं असेल?’ शिक्षक म्हणाले, ‘हे परीक्षेत येणार नाही. पुढे चला.’ वर्ग हसला. पुढे आठवडाभर मधल्या सुट्टीत मुलं त्याला विचारत होती, ‘काय रे, काय सांगितलं असेल?’

‘मग मी हिशेब केला,’ तो मला म्हणाला. अगदी हाच शब्द. ‘विचारून काय मिळतं? गुण नाहीत. वेळ जातो. वर हसतात. न विचारण्यात तोटा काहीच नाही.’

पंधरा वर्षांच्या मुलाने मांडलेल्या या ताळेबंदात मला एकही चूक सापडली नाही. तेव्हापासून माझी अशी पक्की धारणा झाली आहे: किशोरवयात कुतूहल सहसा मरत नाही, ते हिशेबी होतं. कुठे प्रश्न विचारणं परवडतं आणि कुठे नाही, हे ओळखायला बुद्धी लागते, आणि जितकी बुद्धी जास्त तितकं ते लवकर ओळखता येतं. आई फाइल पुढे करून विचारत होती, ‘एवढी बुद्धी जाते कुठे?’ ती तिथेच जात होती. प्रश्न लपवण्यात.

त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. तास संपायला दहा मिनिटं, धडा अर्धा उरलेला, समोर भरगच्च वर्ग. प्रश्न सगळ्यांत महाग पडतो तो अशाच वेळी. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तेच तीन सेकंद थांबायचं ठरवल्यावर मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली आणि, मला यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, मुलं स्वतः जास्त प्रश्न विचारू लागली. फरक फक्त दोन सेकंदांचा.

त्याच्याही आधीच्या वयाचं एक मोजमाप आहे. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी इंग्लंडमधल्या चार वर्षांच्या मुलींचं बोलणं घरी आणि बालवाडीत, दोन्हीकडे टिपलं. घरी आईजवळ त्या तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या. बालवाडीत २. मुली त्याच होत्या. पंधराव्या वर्षापर्यंत या सवयीला अकरा वर्षांचा सराव झालेला असतो.

आणि नेमकं याच वयात आतून काहीतरी मोठं घडत असतं. अकराव्या-बाराव्या वर्षापासून पुढे मुलांना ‘आहे’ त्याच्या पलीकडे ‘असू शकतं’ याचा विचार नीट करता येऊ लागतो, असं मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मांडलं. नियम कुणी केले, मोठी माणसं बोलतात एक आणि वागतात दुसरं ते का, मी या घरात जन्मलोच नसतो तर कोण असतो, असले प्रश्न याच वयातले. जॅकलिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मुलांना स्वतः ठरवण्याची ओढ जेव्हा वाढते, नेमक्या त्याच वर्षांत शाळा अधिक बंदिस्त होते: नियंत्रण वाढतं, तुलना वाढते, शिक्षकांशी जवळीक कमी होते. आयुष्याविषयीचे प्रश्न दाराशी येतात आणि वेळापत्रकात त्यांचा तास नसतो.

त्या मुलाकडेही असा एक प्रश्न होता. तो यायला आणखी तीन भेटी लागल्या.

त्याचे आजोबा वर्षभरापूर्वी गेले होते. कडक माणूस. घरात सगळे त्यांना वचकून असत, मागे बोलतही असत. ते गेले त्या दिवशी घर भरून माणसं रडत होती. दोन दिवसांनी याने आईला विचारलं, ‘ज्यांना आजोबा आवडत नव्हते, तेही का रडले?’ आई म्हणाली, ‘असलं काही विचारू नये.’

‘मला खरंच कळत नव्हतं,’ तो मला म्हणाला. ‘नाटक करत होते का? पण नाटक वाटत नव्हतं.’

मी त्याला उत्तर दिलं नाही. देता आलं असतं, दुःखाविषयी चार शहाणपणाचे शब्द माझ्याजवळ नेहमीच तयार असतात. पण हा प्रश्न माझा नव्हता, आणि ज्या व्यक्तीला तो विचारला होता, ती बाहेरच्या खोलीत बसली होती. मी विचारलं, ‘आईला आत बोलावू?’

बराच वेळ गेला. मग त्याने मान हलवली.

आई आली. मी तिला एवढंच सांगितलं, की तो काहीतरी विचारणार आहे, उत्तर बरोबरच असलं पाहिजे असं नाही. त्याने खाली बघत तोच प्रश्न पुन्हा विचारला, शब्दाला शब्द. वर्षभर जपून ठेवलेला.

आईचे ओठ हलले. ‘अरे, मोठ्यांच्या बाबतीत...’ असं काहीतरी ती म्हणणार होती. मी टेबलाखाली बोटांवर मोजत होते. एक. दोन. तीन. पाच-सहा झाले असतील.

मग ती म्हणाली, ‘मीही रडले रे. आणि मला ते आवडायचे नाहीत.’

खोलीत काटा पडला असता तर ऐकू आला असता. (भिंतीवरचा काटा तेव्हा नवा सेल घालून नीट चालू होता.)

‘मग का रडलीस?’

‘मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. वाटलं, आता यांच्याशी माझं काही नीट व्हायचं राहूनच गेलं.’ ती थांबली. ‘असं काहीतरी असेल. मी यावर कधी विचारच केला नाही.’

मुलगा आईकडे बघत होता, जसा घड्याळाकडे बघायचा तसा. निरखून. मग म्हणाला, ‘म्हणजे तुला राग येत होता आणि वाईटही वाटत होतं. एकाच वेळी?’

‘हो.’

‘मला पण,’ तो म्हणाला.

मी त्या अर्ध्या तासात जवळजवळ काहीच बोलले नाही, आणि माझ्या कामातल्या ज्या तासांचा मला अभिमान आहे, त्यांत तो वरचा आहे. मी ज्या विचारांत वाढले, त्यांचा पाया मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी घातला: माणसाला न तोलता ऐकून घेणारं कुणी भेटलं, की तो आपली वाट आपणच काढू लागतो. काही सहकारी याला भाबडेपणा म्हणतात. म्हणोत. त्या खोलीत कुणीही कुणाला काही शिकवलं नव्हतं आणि दोघंही शिकून बाहेर पडले.

आता पालक विचारतात ते: आम्ही नक्की काय करायचं?

सगळ्यांत आधी, मुलाने काही विचारलं तर तीन सेकंद थांबा. गंमत वाटेल, पण करून पाहा, फार अवघड जातं. आपल्या तोंडात उत्तर, उपदेश किंवा कौतुक तयारच असतं. त्या तीन सेकंदांत बरेचदा मूलच पुढचं बोलतं, आणि खरा प्रश्न बहुधा दुसऱ्या वाक्यात असतो.

‘माहीत नाही’ हे म्हणायला शिका. ते म्हणून विषय बंद करू नका, मात्र. ‘माहीत नाही, तुला काय वाटतं?’ यातही एक फसवा सापळा आहे: ते परीक्षा घेतल्यासारखं वाटू शकतं. ‘माहीत नाही, मलाही कधीचं खटकतंय’ हे जास्त चालतं, अर्थात खरंच खटकत असेल तरच. या वयाच्या मुलांना खोट्या उत्साहाचं नाणं लगेच कळतं.

मुलाच्या प्रश्नाचा प्रकल्प करू नका. त्याने ताऱ्यांबद्दल एकदा विचारलं, की दुसऱ्या दिवशी खगोलशास्त्राचा वर्ग लावायचा, ही आपली सवय. प्रेमापोटीच असते ती, पण मुलाला कळतं, की इथे एक प्रश्न विचारला की आठवड्याचे दोन तास जातात. पुढच्या वेळी ते जपून विचारतं. माझ्या ‘शोधून आण’ने तेच केलं होतं.

बक्षिसाचंही तसंच. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली एक साधा प्रयोग केला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी पाहिलं, तर मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ रंगांकडे वळत होती. ज्यांना बक्षीस नव्हतं, किंवा अचानक, न सांगता मिळालं, त्यांची आवड तशीच होती. कंटाळवाणं काम पार पाडायला बक्षीस चालत असेल. जे मूल आपणहून करतंय, त्याला किंमत चिकटवू नका.

आणि गुणांची काळजी? ती असतेच, नाही असं मी म्हणत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मथायस ग्रुबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की ज्या प्रश्नाचं उत्तर जाणून घ्यायची माणसाला तीव्र उत्सुकता असते, ते तर नीट लक्षात राहतंच, पण उत्तराची वाट बघताना मधेच दाखवलेले, काहीही संबंध नसलेले चेहरेसुद्धा जास्त चांगले लक्षात राहतात. कुतूहल जागं असलं की आजूबाजूचंही टिपलं जातं. तेव्हा ‘आधी अभ्यास, मग तुझे प्रश्न’ हा क्रम अभ्यासाच्याही फायद्याचा नाही.

शाळेत जाऊन भांडू नका. एखादाच शिक्षक शोधा ज्याला मुलाचा एखादा प्रश्न आवडू शकेल, आणि तेवढ्याच एका प्रश्नाबद्दल बोला. या मुलाच्या बाबतीत तेच झालं. आईने दुसऱ्या एका शिक्षिकेला हरलेल्यांचा प्रश्न सांगितला. त्या म्हणाल्या, ‘मला कुणी असं विचारलंच नाही कधी.’ पुढे त्यांनी तास संपायच्या आधीची पाच मिनिटं परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नांसाठी ठेवली. रोज नाही जमत, आठवड्यातून एकदा. तेवढ्याने वर्ग पालटला वगैरे काही नाही. पण आता हसणारी मुलंही विचारतात म्हणे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. प्रत्येक गप्प मुलात लपलेलं कुतूहल असतं असं समजून बसू नका. जे आधी आवडीने करायचं, तेही दोन आठवड्यांहून जास्त काळ नकोसं झालं असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, सतत चिडचिड किंवा उदासी असेल, जगण्याला कंटाळल्याची भाषा येत असेल, तर गोष्टी वाचत थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा. वाचता-लिहिता येण्यातच अडचण असलेली हुशार मुलंही ‘रस नाही’ या पांघरुणाखाली वर्षानुवर्षं लपतात. आणि साधी झोप! तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते आणि याच वयात शरीराची झोपेची वेळ उशिराकडे सरकते. पहाटे उठवून क्लासला पाठवलेल्या मुलाला जगाबद्दल कुतूहल का नाही, याचं उत्तर कधीकधी फक्त उशीवर असतं.

या मुलाचं तसं नव्हतं. ते आधी तपासूनच मी पुढे गेले होते.

गुणांचं विचाराल तर पुढच्या परीक्षेत एका विषयात वाढले, दोनमध्ये थोडे घसरले. आई फोनवर म्हणाली, ‘घरात फार वाद होतात हल्ली. प्रत्येक गोष्टीला का.’ मग जरा थांबून, ‘आधी बरं होतं का, विचाराल तर नाही म्हणेन.’ ती फाइल अजून आहे. वडील एकदाच आले होते, पूर्ण वेळ फोन उलटसुलट करत बसले होते; जाताना मला म्हणाले, ‘मला पण लहानपणी खूप प्रश्न पडायचे.’ कोणते, ते विचारायचं माझ्याकडून राहिलं.

शेवटच्या भेटीत मुलगा निघताना दारात थांबला. भिंतीकडे पाहून घेतलं, काटा नीट चालला होता. मग म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही दिवसभर लोकांचं ऐकता. तुम्हाला कधी कंटाळा येतो का?’

तोंडावर आलेलं उत्तर मी गिळलं आणि मनात मोजायला लागले. मीच त्याला मोजायची गोष्ट सांगितली होती.

‘तीन कधीच झाले, मॅडम,’ तो म्हणाला.